आण्णांचा उजवा गुडघा

"हेमा, हा पाय कुणाचा?"

गुंगी उतरल्यावर आण्णा पहिलं वाक्य हे बोलले. मी कॉटशेजारी बसून मोसंबं सोलत होते. त्यांनी चादर मांडीपर्यंत वर ओढली होती आणि तोंडात चुकून दुसऱ्याची कवळी आल्यासारखा चेहरा करून ते स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"तुमचाच की," मी म्हटलं.

"माझाच हाय ते मला दिसतंय. पण दुखत हुता त्यो ह्यो न्हवं."

उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला होता. डावा उघडाच होता; तोच सुजका, बाहेरच्या अंगाला वाकलेला गुडघा, ज्याची वाटी बदलायला आम्ही मिरजेला आलो होतो. मला उजव्या-डाव्याचा घोळ लहानपणापासून आहे. म्हणून आधी मी माझा जेवायचा हात वर करून पाहिला. मग लक्षात आलं, आपण आण्णांच्या समोर बसलोय, म्हणजे त्यांचं उलटं. तशी उठून त्यांच्या उशाशी गेले, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी राहिले आणि परत हात वर केला. उत्तर आलं, आण्णा म्हणत होते तेच. आणि मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते.

पायाशी द्वारकाआत्या बसली होती. आण्णांची थोरली बहीण. तिने एकदाच वाकून पाहिलं आणि असा गळा काढला की शेजारच्या खोलीतले लोक कुणी गेलं की काय म्हणून डोकावले.

"आगं बया बया! चांगल्याला कापलं की गं माझ्या वामनाच्या!"

डॉक्टर उपळेकर आले. तरुण होते, हाताला गुण आहे अशी ख्याती होती, आणि त्या दिवशी त्यांनी सकाळपासून ओळीने गुडघे बदलले होते. त्यांनी चादर उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. बाहेर गेले, एक्स-रे घेऊन आले, खिडकीच्या उजेडात धरला. मग फिल्म उलटी करून धरली. पण पाय काही बदलला नाही.

"थोडा... आमच्याकडून थोडा घोटाळा झालाय," ते म्हणाले.

"थोडा?" माझा आवाज चिरकला. "अख्खा गुडघा आहे तो, डॉक्टर! सुट्टे पैसे कमी दिलेत का तुम्ही?"

मी अजून बरंच बोलले. आत्या रडत होती. फक्त आण्णा गप्प होते. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि प्यायला पाणी मागितलं.

हे गप्प राहणं किती अघटित होतं, ते कळायला आण्णा माहीत हवेत. कुरुंदवाडात बाजारपेठेत 'पतंगे टेलर्स' म्हणून त्यांचं दुकान होतं. पण शिवणकाम हा त्यांचा पोटाचा धंदा; जिवाचा धंदा तक्रार. एसटी उशिरा सुटली की आण्णा डेपोत हजर. देवस्थानातला प्रसादाचा नारळ नासका निघाला, तर तो परत करून दुसरा घेऊन आलेला अख्ख्या पंचक्रोशीतला हा एकच भक्त. पेढ्यात साखर जास्त, पेपरात चुका जास्त, कीर्तनात कीर्तन कमी. आण्णा त्या त्या माणसाला गाठून समोर सांगायचे. वीजमंडळाचा वायरमन आमच्या गल्लीतून सायकल हातात धरून, आवाज न करता जायचा. लोक म्हणायचे, वामनरावांना यमाने न्यायला येताना रेड्याचे कागद सोबत आणावेत.

आणि अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी, सोन्यासारखी, दोन पायांवर उभी राहणारी तक्रार मिळाली होती. तर तो पाणी पीत होता.

घरी आणल्यावर गाव लोटलं. येणारा प्रत्येक जण आधी डावा गुडघा बघायचा, मग उजवा, मग समाधानाने बसायचा. प्रत्येकाजवळ स्वतःची एक दवाखान्याची गोष्ट होती. कुणाच्या मेव्हण्याच्या पोटात कापूस राहिलेला, कुणाच्या चुलतीचा चांगला दात उपटलेला. सगळ्यांचा शेवट एकच: "आण्णा, सोडू नका. तुमच्यासारख्यानंच सोडलं तर आमी कुणाच्या तोंडाकडं बगायचं?" असं म्हणून आत्याने केलेला शिरा खाऊन, चहा पिऊन जायचे. डब्यातला रवा संपला, पण माणसं संपेनात.

आण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बगू."

'बगू' हा शब्द त्यांनी या आधी कधी वापरलेला मला आठवत नाही.

त्यांचे हाल मात्र दिसत होते. डावा गुडघा मुळातच निकामी. उजव्याच्या जोरावर त्यांनी इतकी वर्षं पायमशीन चालवलं होतं. डावा नुसता पायट्यावर शोभेला असायचा. आता उजव्यात नवी वाटी, ती अजून मुरायची होती. एक पाय जुना म्हणून चालेना, दुसरा नवा म्हणून चालेना. संडासाला जायचं म्हणजे एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि मधे आण्णा आम्हा दोघींना शिव्या देत. खुर्चीला भोक पाडून घेतलेलं होतं, पण त्या खुर्चीवर बसून त्यांना काही सुचायचंच नाही. "हेच्यावर बसलं की मला पंचायतीच्या सभेत बसल्यासारखं वाटतंय," ते म्हणायचे. "लाजंनं आतच ऱ्हातंय समदं."

मी हसायचे, आणि मग मागीलदारी जाऊन रडायचे. माझी आई लवकर गेली होती. आण्णा ताठ चालताना बघतच मी मोठी झाले होते. मला त्या डॉक्टरला कोर्टात उभा करायचा होता. त्याची पाटी उतरलेली बघायची होती. तो एकदा घरी आला होता, डावा गुडघा आपण फुकट करून देऊ म्हणून सांगायला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

आत्याबद्दल सांगायला पाहिजे. आण्णा चार वर्षांचे असताना आजी गेली. आत्याच तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं आणि उन्हाळा संपायच्या आत नवरा विहिरीत पडून मेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून तिला बैलगाडीत बसवून परत धाडली. वेशीतून गाडी आत आली तेव्हा आण्णा पोरसवदा होते. ते गाडीपुढे दगड घेऊन उभे राहिले होते म्हणे, गाडीवानाला मारायला. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. पण तक्रारीची सुरुवात तिथून झाली असावी.

तेव्हापासून आत्याने एक धरलं होतं. आपल्या माणसांचं जे जे चांगलं, त्याला तीट. कमरेला काजळाची डबी कायम. मी दहावीला पहिली आले, तर माझ्या हनुवटीवर तीट, आणि गुणपत्रिकेच्या पाठीमागेही तीट. दुकानात नवं मशीन आलं, त्याच्या चाकाला तीट. परसातल्या वेलीवरचा सगळ्यात मोठा भोपळा असायचा, त्यालाही. एकदा मी चेष्टेने विचारलं, "अगं, त्या लुळ्या शेळीला लाव की, तिला खरी गरज आहे." तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "लुळीला कोण बगतंय, खुळे? दृष्ट लागती ती चांगल्याला."

मी नरंदे वकिलांना घेऊन आले. कोल्हापुरात ग्राहक मंचात त्यांचं नाव होतं. गोल, गोरे, कायम तृप्त चेहऱ्याचे. आण्णांचे दोन्ही गुडघे पाहून त्यांना जो आनंद झाला तो त्यांना लपवता येईना.

"पतंगे, वकिलाच्या जन्मात अशी केस एकदाच येते हो. एक्स-रे डाव्याचा. कागदावर डावा. तपासणी डाव्याची. आणि कापला उजवा! ह्यात मला बोलायचंसुद्धा काम नाही. मी नुसता उठून तुमच्याकडे बोट दाखवतो आणि खाली बसतो."

"कुठल्या पायाकडं?" आण्णांनी विचारलं.

वकील पोट धरून हसले. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. मी कागद-पेन घेऊन तयारच होते.

"फक्त एक बारीक गोष्ट आहे," वकील म्हणाले. "मी त्यांच्या वकिलाशी सहज बोललो. आमच्यात चालतं तसं. त्यांचं म्हणणं, आदल्या संध्याकाळी त्यांच्या माणसाने डाव्यावर पेनने बाण काढला होता. सकाळच्या आंघोळीत तो पुसला गेला. आणि टेबलावर घेतलं तेव्हा उजव्या गुडघ्यावर काळी खूण होती. चांगली ठसठशीत. नर्सने पाहिली, डॉक्टरांनी पाहिली. तीच आपली खूण समजून त्यांनी त्या पायाला औषध फासलं आणि कापायला घेतला."

"म्हणजे आता आमच्यावर ढकलणार?" मी म्हटलं.

"ढकलू देत. एक्स-रे समोर असताना खूण बघून कापायला तो काय दर्जी आहे?" मग आण्णांकडे बघून वकिलांनी जीभ चावली. "माफ करा."

"दर्जी बी बगून कापतोय," आण्णा म्हणाले. "खूण कुणी का केलेली असंना, कात्री ज्येच्या हातात त्येनं बगायचं."

"वा! हेच वाक्य मी मंचापुढं म्हणणार. पण ते लोक त्या खुणेला चिकटून बसतील. सकाळी पेशंटजवळ कोण होतं, कुणी हात लावला, एकेकाला पिंजऱ्यात बोलावतील. पेशंटच्या माणसांनीच घोळ केला, असं सगळ्यांसमोर म्हणतील. पेपरात येईल. त्याची मनाची तयारी ठेवा." ते आत्याकडे वळले. "बाई, सकाळी तुम्ही होता ना जवळ?"

"हुते की," आत्या लसणाचं टरफल झटकत म्हणाली. "हेमा खाली काउंटरला गेलती. मीच तर..."

"मी केली," आण्णा म्हणाले.

वकील आत्याकडून आण्णांकडे वळले.

"काय केली?" वकिलांनी विचारलं.

"खूण. उजव्या गुडघ्याला. मी केली." आण्णांचा आवाज नेहमीच्या तक्रारीच्या पट्टीत होता, खणखणीत. "बाण पुसला म्हनून मीच काढली. शिंपी मानूस, खूण दिसली न्हाई की हात शिवशिवतोय. पाय चुकला. अक्का, चहा टाक जा. वकीलसाहेब कवाधरनं बसल्यात."

आत्या उठून आत गेली. मी आ वासून बघत होते. मला पुढच्या-मागच्या सगळ्या दिशा चुकतात, पण आण्णांना? झोपेत कापड कापायला दिलं तरी बाही उजवी की डावी हे चुकायचं नाही ज्यांचं, ते म्हणे स्वतःचा दुखरा पाय विसरले!

"पतंगे," वकील हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही आत्ता माझ्यापाशी बोललात ते बोललात. बाहेर बोलू नका. हे कबूल केलंत तर केस लंगडी होते."

"मग आमच्या घरात शोभंल," आण्णा म्हणाले. "आनि मी भायेर बी हेच बोलणार."

वकिलांनी चहा घेतला, पण चेहऱ्यावरची तृप्ती गेली ती गेलीच. दारात मला म्हणाले, "वडिलांना जरा समजवा. भीती वाटत असेल. वय झालंय." आण्णांना आणि भीती!

मी आत आले आणि फुटले.

"खोटं का बोललात? त्या डॉक्टरने तुम्हाला काय घातलंय? नासक्या नारळासाठी देवाशी भांडलात तुम्ही, आणि गुडघ्यासाठी मान खाली घालता? उद्या तो दुसऱ्या कुणाचा पाय कापेल, तेव्हा?"

"वरडू नको."

"ओरडणार! तुम्हाला धरून मी संडासात नेते, डॉक्टर नाही येत न्यायला! मला हक्क आहे ओरडायचा!"

आण्णा भिंतीकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की तेवढा त्या डॉक्टरचाही कधी आला नव्हता. माझा बाप घाबरट निघाला, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्यावर जगातलं सगळंच डगमगायला लागलं.

आवाज ऐकून आत्या बाहेर आली. पदराला हात पुसत आण्णांच्या पायाशी बसली आणि माझी समजूत घालायला लागली.

"नको गं पोरी त्येला बोलू. त्येचा काय दोष? कुनाची तरी वायट नजर पडली बग. लई चांगला हुता त्यो पाय. दवाखान्यातल्या समद्या बायका बगत हुत्या, म्हातारा ह्या वयात एका पायावर कसा तोलून हुबा ऱ्हातोय. तवाच माज्या मनात पाल चुकचुकली. म्हनून तर सकाळी मी चांगली रुपयाएवढी तीट लावली हुती की उजव्या गुडघ्याला. तरी बी लागलीच!" तिने आण्णांच्या नव्या गुडघ्यावरून हलकेच हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "तीट हुती म्हनून वाटीवर निभावलं. नसती तर पायच गेला असता माज्या भावाचा."

माझ्या हातातून पेन पडलं.

मी आण्णांकडे पाहिलं. आण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत असा दरारा मी लहानपणी चुलीत कंगवा टाकला तेव्हाही पाहिला नव्हता. एक अक्षर बोललीस तर बघ, असं ते डोळे म्हणत होते.

"काय झालं गं?" आत्याने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "खरंच आहे. तीट होती म्हणून वाचले."

"मंग!" आत्या म्हणाली, आणि लसूण सोलायला आत गेली.

ती ऐकू येण्यापलीकडे गेल्यावर मी आण्णांजवळ बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"गुडघा माझा हाय. त्येला कोन काजळ फासतंय ते मला कळनार न्हाई? म्हटलं, लावू दे. तिच्या मनाला बरं वाटतंय. आंघोळ झाली हुती, बाण गेलाय ते माझ्या डोक्यातच आलं न्हाई." ते क्षणभर थांबले. "चादर वर केली आनि समदं ध्यानात आलं."

"पण चूक डॉक्टरचीच आहे, आण्णा. एक्स-रे होता. तुम्हीच म्हणालात, कात्री ज्याच्या हातात..."

"त्येचीच हाय. शंभर टक्के. केस बी मी जिंकलो असतो." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अशी हळहळ आली की मला कळलं, आपण काय सोडतोय हे या माणसाला पुरेपूर माहीत आहे. "पण त्यो काळा कोटवाला तिला हुबी करनार. आनि चारचौघांत म्हननार, बाई, तुमच्या हातानं भावाचा पाय गेला. एकदा ऐकलंय तिनं असलं, हेमा. इस वर्सांची बी नव्हती. त्येच्यावर उतारा म्हनून तिनं ही काजळाची डबी काढलीया. आता हे ऐकलं तर तिच्या कमरंची डबी सुटंल. मग ती जगंल कशावर?"

मला रडू आलं आणि या खेपेला मागीलदारी जायचंही राहिलं. आण्णा माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, "गप. तक्रारी काय, जगात लई पडल्यात. नवी काढू."

आणि त्यांनी खरंच काढली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला बोलावणं धाडलं. उपळेकर बिचारे दाराबाहेर उभे राहून आधी अंदाज घेत होते, दार कुठून लागतंय ते. आण्णांनी त्यांना समोर बसवलं आणि मग जी काही हजेरी घेतली, ती ऐकून मला जुने आण्णा परत मिळाले. एका दिवसात इतके पाय कशाला घेता, बाजारच्या दिवशी मी बी इतक्या चोळ्या घेत न्हाई. एक्स-रे काय भिंतीला शोभंला लावता? मानूस टेबलावर घेतल्यावर त्येला इचारायला तोंड दुखतंय?

"चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवसापासून मला झोप नाही, आण्णा. मी खुणेचं निमित्त सांगणार नाही. माझ्या वकिलाने सांगितलं असेल, पण मी नाही सांगणार. मी बघायला पाहिजे होतं."

आण्णांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"मग ऐका. केस मी करत न्हाई. पन हितनं म्होरं प्रत्येक माणसाला, गुंगी द्यायच्या आधी, तुमी सोता जाऊन इचारायचं, कुठला पाय. त्येच्या हातात पेन द्यायचं, त्येनं सोताच्या हातानं खूण करायची. आनि मी अधनंमधनं येऊन बगनार. चुकलासा तर नरंद्यांचं हापिस मला ठाऊक हाय."

"कबूल."

"आनि माफी मागायची हाय तुमाला."

"मागतो ना, आण्णा. मनापासून..."

"माझी नको. तिची मागा." आण्णांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

डॉक्टर गोंधळले. "त्यांची का?"

"तिचा भाऊ हाय मी. तिनं धडधाकट दिला हुता तुमच्या ताब्यात."

डॉक्टर आत गेले. चुलीजवळ पाटावर बसून त्यांनी आत्याची माफी मागितली. आत्याने त्यांना शिव्या दिल्या, मग रडली, मग शिरा दिला. शिऱ्याची दुसरी वाटीही घ्यायला लावली.

गावाला केस सोडल्याचं कळलं तेव्हा गाव खट्टू झालं. कुणी म्हणालं डॉक्टरने तोंड बंद केलं, कुणी म्हणालं म्हातारा वाकला. जो वायरमन गल्लीतून सायकल हातात धरून जायचा, तो आता घंटी वाजवत जायला लागला. आण्णांना ते सगळ्यात जास्त लागलं, मला ठाऊक आहे. पण त्यांनी त्याला एकदाही हटकलं नाही. मी मात्र शाळेत दोन मास्तरांशी भांडले, आणि का भांडतेय ते त्यांना सांगता येईना.

दसरा झाल्यावर डाव्या गुडघ्यासाठी आम्ही परत मिरजेला गेलो. उजवा तोवर चांगला चालायला लागला होता, इतका की आण्णा म्हणायचे, चुकून का होईना, काम बेस केलंय.

सकाळी आण्णा हिरवा अंगरखा घालून कॉटवर बसले होते. डॉक्टर उपळेकर पेन घेऊन आले.

"आण्णा, कुठला पाय?"

आण्णांनी पेन घेतलं आणि डाव्या गुडघ्यावर, कापडावर आखतात तशी, एका झटक्यात ठळक रेघ ओढली. मग तिच्या वर एक, खाली एक. "ह्यो. आनि वर शिवणीला जागा सोडा," ते म्हणाले.

आम्ही हसतोय तोवर आत्याने कमरेची डबी काढली.

आत्याने झाकण उघडलं, तर्जनी काजळात बुडवली आणि ती आण्णांच्या उजव्या गुडघ्याकडे वाकली. ह्या खेपेला तर तो खरोखरच नवा कोरा, चकाचक, दृष्ट लागण्यासारखा गुडघा होता. मी तिचा हात धरायला पुढे झाले.

"अक्का," आण्णा म्हणाले, "थांब. माझ्यात आता दृष्ट लागण्यासारखं काय ऱ्हायलंय? लोखंड हाय ते, त्येला कोन बगतंय? आज हितं चांगली वस्तू एकच हाय. डॉक्टरचा हात. त्यांना लाव."

आत्याने विचार केला. तिला ते पटलं. ती बोट तसंच वर धरून डॉक्टरांकडे वळली.

डॉक्टरांनी त्या बोटाकडे पाहिलं. बोटाच्या टोकावरचा काजळाचा काळा, गोल, रुपयाएवढा ठसा पाहिला. मग त्यांची नजर सावकाश आण्णांच्या उजव्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच थांबली. मी त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटताना पाहिलं. ज्या खुणेपायी त्यांनी रात्री जागून काढल्या होत्या, ती कुणाची ते त्यांना कळलं होतं.

"आत्या, त्या दिवशीसुद्धा तुम्हीच..."

"डॉक्टर," आण्णा म्हणाले. "उशीर व्हाय लागलाय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. मग एवढा उंच माणूस गुडघे वाकवून आत्याच्या उंचीला आला आणि त्याने डोकं पुढे केलं.

"हात धुवायचे असतात आम्हाला," ते म्हणाले. "कानामागे लावा."

आत्याने त्यांच्या कानामागे तीट लावली, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "जा. आता बिनघोर काप."

ऑपरेशन डाव्याच गुडघ्याचं झालं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढली आणि आत्याला नमस्कार केला. तीट घामाने मानेवर ओघळली होती. आत्या ती बघून इतकी खूष झाली की मला कोपराने ढोसत म्हणाली, "बगितलंस? न्हाई लागली ह्या बारीला."

मग तिचा चेहरा एकदम उतरला. डबीचं झाकण बोटाने फिरवत ती हळूच म्हणाली, "मागल्या बारीला बी डॉक्टरलाच लावायला पायजे हुती गं. चुकलंच माजं."

"तुझं काही चुकलं नाही, आत्या," मी म्हटलं, आणि डबी तिच्या कमरेला परत खोचून दिली.